भटाचे वावर

आमच्या आजोबांनी १९३१ साली हिंगणघाट तहशिलीत अठरा एकरांचे एक वावर खरेदी केले होते. 'होते' हे क्रियापद मात्र आमच्या घरात त्या वावराच्या बाबतीत कोणी कधी उच्चारीत नसे. विदर्भासाठी १९५८ साली झालेल्या कूळकायद्यान्वये ते कसणाऱ्याच्या नावावर चढले, त्यास साठ वर्षे होऊन गेली. तरी आमची आजी अखेरपर्यंत 'आपले वावर' असेच म्हणत असे. पोळ्याच्या दिवशी मातीच्या बैलांची पूजा करताना ती त्या न पाहिलेल्या वावराच्या बैलांसाठी म्हणून एक पुरणपोळी बाजूस काढून ठेवी. न पाहिलेल्या असे म्हणावयाचे कारण, आजी त्या वावरात आयुष्यात एकदाही गेली नव्हती. आजोबा वर्षातून दोनदा जात, ते खंडाचे धान्य मोजून घेण्यापुरते. वडील बहुधा एकदाच गेले. आम्ही तर गेलोच नव्हतो. परंतु एखादी वस्तू हातची गेली असे लहानपणापासून ऐकत आलेल्या मुलांस ती वस्तू मनाने फार जवळून ठाऊक असते, तशी ती जमीन आम्हां भावंडांस ठाऊक होती.

गेल्या कार्तिकात दादांनी आजोबांची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा तीत त्या वावराचे खरेदीखत सापडले. कागद पिवळा पडलेला, घडीच्या जागी फाटलेला. परंतु अक्षर स्पष्ट. दादांच्या ओळखीच्या एका वकिलांनी तो वाचून असे सुचविले की, खरेदीखतातील चतुःसीमा आणि आजची वहिवाट यांचा मेळ बसत नसल्यास, धुऱ्यापलीकडचा एखादा तुकडा हिशेबातून सुटलेला असण्याचा संभव आहे; प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहावे. दादांस आता प्रवास झेपत नाही. तेव्हा ती कामगिरी आमच्याकडे आली. आम्ही ती आढेवेढे न घेता पत्करली हे येथे कबूल करणे भाग आहे. साठ वर्षांनी का होईना, घरातील एका जुन्या दुःखाचे काही निवारण आपल्या हातून होईल, अशी एक आशा मनात होतीच.

निघण्याच्या आधल्या आठवड्यात एक लहानशी गोष्ट घडली. आमची भाची इंग्लंडात लेस्टर येथे असते. तिने एक छायाचित्र पाठविले. गवताने हिरवे झालेले एक कुरण, त्यात मेंढ्या चरत आहेत, सूर्य मावळतीस टेकलेला आहे. आणि त्या तिरप्या उन्हात साऱ्या कुरणावर समुद्राच्या लाटांसारख्या समांतर वरंबे व खोलगट पट्टे यांच्या ओळी उमटलेल्या दिसत आहेत. खाली तिने लिहिले होते : 'मामा, हे सातशे-आठशे वर्षांपूर्वीचे नांगरलेले शेत आहे.'

आम्हांस प्रथम थट्टाच वाटली. नांगराचे तास पुढल्या पावसात बुजतात हे शहरात वाढलेल्या माणसासही कळते. परंतु पुढे वाचता वाचता त्यातील कारणमीमांसा ध्यानात आली. त्या मुलखातील जमीन चिकण व पाणी धरून ठेवणारी. मध्ययुगातील तिकडचा जड नांगर माती एकाच बाजूस, उजवीकडे, पलटी. एका लांबट पट्ट्याच्या मध्यापासून सुरुवात करून नांगऱ्या त्याभोवती फेऱ्या घालीत बाहेर जाई, आणि दर फेरीस माती मध्याकडे ढकलली जाई. असे वर्षानुवर्षे केले म्हणजे पट्ट्याचा मध्य उंचावतो आणि दोन पट्ट्यांमध्ये घळ पडते. पावसाचे पाणी घळीतून निघून जाते व वरंब्यावरचे पीक कुजत नाही. हे पट्टे साधारणतः पाच ते दहा मीटर रुंद असत. गंमत अशी की ते सरळ नसतात. इंग्रजी 'एस' हे अक्षर उलटे काढावे तसे दोन्ही टोकांस किंचित वळलेले असतात. कारण नांगरास बैलांची लांबलचक रांग जुंपलेली असे, मोठ्या नांगरास तर आठ बैल. एवढे लटांबर शेताच्या टोकास वळवावयाचे तर आधीपासूनच तिरपे घ्यावे लागे. बैल जाऊन शतके लोटली. त्यांचे वळण जमिनीवर राहिले.

ते टिकले कशामुळे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. ते टिकले नांगरणी थांबली म्हणून. १३४८-४९ च्या महामारीत इंग्लंडातील माणसे अमाप मेली, पुढील काळात अनेक गावे ओस पडली. लोकरीस भाव आला तेव्हा जमीनदारांनी धान्याची शेते मोडून मेंढ्यांची कुरणे केली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कायदे करून गावाची सामायिक शेते कुंपणे घालून वाटली गेली. ज्या शेतांवर अशा रीतीने गवत माजले, त्यांच्या वरंब्यांवर गवताने जणू पांघरूण घातले. दुसऱ्या महायुद्धात व त्यानंतर धान्यासाठी यांत्रिक नांगर फिरले तेव्हा त्यांतील बहुतेक वरंबे नष्ट झाले. म्हणजे भाचीच्या छायाचित्रात जी शोभा होती ती मुळात कोणाच्या तरी हातून शेत सुटल्याची खूण होती. त्या शेताचे पूर्वीचे कसणारे कोठे गेले, याचा विचार करीत आम्ही ते छायाचित्र बराच वेळ पाहिले. आणि पेटीतला कागद पुन्हा उघडला.

त्या कागदात 'एकर' हा शब्द होता. आता हा एकर म्हणजे काय? वीस वर्षे हिशेबाच्या कामात काढूनही आम्ही कधी त्याचा शोध केला नव्हता. एकर म्हणजे २२० यार्ड लांब व २२ यार्ड रुंद असा पट्टा. ४,८४० चौरस यार्ड. ही २२० यार्ड लांबी म्हणजे फर्लांग, आणि फर्लांग या शब्दाचा मूळ अर्थच 'तासाची लांबी' असा आहे. बैलांस दम न घेता एका झेपेत जेवढे ओढता येई तेवढे ते अंतर, आणि एका जोताने एका दिवसात नांगरून होई तेवढा तो एकर, अशी तिकडची परंपरा. इंग्रजांबरोबर हे माप येथे आले, मध्यप्रांताच्या बंदोबस्तात आमच्या वऱ्हाड-नागपूरकडील जमिनी त्यात मोजल्या गेल्या, आणि एकराच्या शतांशास येथे 'डिसमिल' हे नाव पडले. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर आले आहेत, तरी वर्धा जिल्ह्यात कोणासही विचारा, तो जमीन एकरांतच सांगेल. लेस्टरच्या चिखलात चालणाऱ्या बैलांची चाल आमच्या हिंगणघाटच्या खरेदीखतात लिहिलेली होती! मग येथल्या बैलांची चाल कोठे लिहिलेली असेल, असे कुतूहल वाटू लागले. आपल्याकडेही अशा खुणा दिसतील काय, हे पाहण्याचा दुसरा हेतू या प्रवासास अशा रीतीने येऊन चिकटला.

मार्गशीर्षातील एका सकाळी आम्ही वावरावर पोहोचलो. आगाऊ निरोप पाठविला होता. ज्यांच्या नावे ती जमीन आज आहे ते गृहस्थ पन्नाशीचे, मूळ कुळाचे नातू. ते वावराच्या तोंडाशी उभे होते. आम्ही कोणत्या हेतूने आलो आहोत हे त्यांस बहुधा उमगले असावे, कारण बरोबर त्यांनी आपला थोरला मुलगाही आणला होता. परंतु बोलण्यात कोठे आढी दिसली नाही.

"या जी काका. पाणी घ्या आधी. तुमच्या आजोबाचंच होतं म्हणे हे पहिले."

हे 'होतं' आमच्या कानांस लागले. पण ते इतक्या सहजपणे उच्चारले गेले की राग धरावयास जागा नव्हती.

वावर विस्तीर्ण, काळेभोर. एका अंगास कपाशीची दुसरी वेचणी चाललेली, मधून मधून तुरीच्या ओळी शेंगांनी लवलेल्या, पलीकडे हरभरा. आम्ही मावळतीच्या उन्हाऐवजी उगवतीच्या उन्हात पाहिले, वाकून पाहिले, धुऱ्यावर चढून पाहिले. परंतु वरंब्याचा वा घळीचा मागमूस नव्हता. जमीन तळहातासारखी सपाट. शेवटी संकोच सोडून विचारले की भाऊ, जुन्या काळच्या नांगरटीच्या काही खुणा कोठे राहिल्या आहेत काय?

ते प्रथम आमच्या तोंडाकडे पाहत राहिले, मग हसले.

"नांगराची खूण कुठं ऱ्हाणार जी इथं? उन्हाळ्यात येऊन पाहा. अशा भेगा पडते का पाय गेला तर मांडीवरी जाते. वरची माती सारी त्या भेगांत पडते. मंग पाणी आलं का फुगते अन् सारं गिळून घेते. काळी आहे ते. आपली आपणच नांगरते."

आपली आपण नांगरते! या तीन शब्दांत त्यांनी मृदाशास्त्राचा एक अध्याय सांगितला. काळ्या कापसाच्या जमिनीत जी चिकणमाती असते ती पाणी प्याली की फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात तीस हातभर, कधी दोन हात खोल भेगा पडतात, पृष्ठभागावरची भुसभुशीत माती त्यांत ढासळते, पावसाळ्यात खालची माती फुगून वर लोटली जाते. आणि असे चक्र चालून वरचे खाली व खालचे वर होत राहते. असल्या जमिनीत पुराणवस्तूही आपल्या जागी राहत नाहीत. त्यातून आपल्याकडील मशागतीची तऱ्हा निराळी. या भागात दरसाल नांगर चालत नसे. कांस किंवा हरळी माजली तरच काही वर्षांनी एकदा खोल नांगरट. एरवीचे काम वखराचे, आणि वखराची पास जमिनीच्या पोटातून आडवी सरकत तण कापते, माती पलटीत नाही. पुढे पेरणीस तिफण व निंदणीस डवरा. यांतील एकही अवजार मातीचा ढीग एका बाजूस रचणारे नाही. फार भारी काळीत तर पूर्वी पावसाळाभर पीकच घेत नसत. नुसते वखरून ठेवावयाचे आणि ओल धरून आश्विन-कार्तिकात गहू, हरभरा, जवस पेरावयाचा. आता कृषिखाते सोयाबीनसाठी रुंद वरंबा व सरी करावयास सांगते, म्हणजे पाणी साठत नाही. त्यांच्या मुलाने गेल्या साली तशी पेरणी केली होती. ट्रॅक्टरने केलेले ते वरंबे पाचच महिन्यांत दिसेनासे झाले होते.

तेव्हा इंग्लंडात शेत सुटले म्हणून तास राहिला आणि येथे शेत कधी सुटलेच नाही म्हणून तो राहिला नाही. भारतात जे एक अतिप्राचीन नांगरलेले शेत सापडले आहे, त्याचीही कथा हेच सांगते. राजस्थानात घग्गर नदीच्या काठी कालीबंगा येथे बी. बी. लाल व बी. के. थापर यांनी १९६० नंतरच्या दशकात उत्खनन केले, त्यात सुमारे ४,८०० वर्षांपूर्वीचे, हडप्पा संस्कृतीच्या बहराच्याही आधीचे शेत मिळाले. त्यात तासांची आडवी-उभी जाळी होती : एका दिशेचे तास सुमारे ३० सेंटिमीटरांवर, दुसऱ्या दिशेचे सुमारे १.९ मीटर अंतरावर. ते शेत वाचले, कारण पुढील वस्तीचा राडारोडा त्यावर पडला व ते झाकले गेले. त्या वेळी त्याच भागातील शेतकरी जवळच्या तासांत कडधान्य व दूरच्या तासांत मोहरी अशी पेरणी करताना उत्खनन करणारांस आढळले. आम्ही समोरच्या वावरात पाहिले, तो कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ, पुन्हा कपाशी, पुन्हा तूर. जमिनीवर खूण नसेना का, हातांस सवय आहे.

दुपारी त्यांनी आम्हांस वावराच्या उत्तर अंगास नेले. खरेदीखतात उत्तर सीमा 'रीठ' अशी लिहिली होती. हा शब्द विदर्भाबाहेरील वाचकांस कदाचित परका असेल. जे गाव उठून गेले, परंतु ज्याचा मौजा सरकारी दप्तरात कायम राहिला, त्यास इकडे रिठी गाव म्हणतात. अन्यत्र ज्यास बेचिराग, म्हणजे दिवा न लागणारा, असे म्हणत, तोच हा. वर्धा व नागपूर जिल्ह्यांच्या गावांच्या याद्या उघडल्या तर नावापुढे 'रिठी' असे कंसात छापलेले मौजे जागोजाग आढळतात. कोणी दुष्काळाने उठले, कोणी पटकीने, कोणी पेंढाऱ्यांच्या त्रासाने. पुष्कळांचे कारण कोणासच सांगता येत नाही. माणसे शेजारच्या गावात राहावयास गेली आणि जमीन मात्र कसत राहिली.

तेथे एक टेकाड होते, फार तर दोन पुरुष उंच. सभोवार काळी जमीन आणि मध्ये ही राखट, फिकट माती. आपल्या भाषेत गावच्या वस्तीस 'पांढरी' व शेतजमिनीस 'काळी' म्हणतात हे आम्ही पुस्तकांत शेकडो वेळा वाचले होते. तो केवळ अलंकार आहे अशी आमची समजूत होती. येथे ती पांढरी खरोखर पांढरी होती. शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, भिंतींची माती व केरकचरा मिळून तिचा रंग पालटलेला. पावसाने उघड्या पडलेल्या उतारावर खापरांचे तुकडे विखुरलेले होते. एका तुकड्याच्या काठावर बोटाने दाबून उठविलेली नक्षी होती. ते बोट कोणाचे, याचा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. आम्ही तो तुकडा पाहून होता तेथेच ठेवला.

रिठापासून निघालेली पांधण आमच्या वावराच्या पूर्वेकडून नदीच्या दिशेने जात होती. ही पांधण सभोवारच्या शेतांपेक्षा हात-दीड हात खोल होती. बंड्यांच्या चाकांनी व गुरांच्या खुरांनी ती पिढ्यानपिढ्या झिजत गेली आणि पावसाच्या पाण्याने ती झीज धुऊन नेली. भाचीच्या कुरणातील घळ आम्ही ज्या नजरेने शोधीत होतो, तिचे आमच्याकडील रूप हेच, असे तेथे उभे राहून वाटले. नांगर चालला तेथे काही उरले नाही. नांगराकडे जाणाऱ्या वाटेवर उरले. धुऱ्याचेही तसेच. दक्षिणेचा धुरा सरळ नव्हता. पाण्याचा उतार धरून तो सापासारखा नाल्याकडे वळत गेला होता. त्यावर बोरी, बाभळी, एक जुना निंब, आणि वावरातून वेचून टाकलेल्या दगडांची रास. दरसाल काळी थोडे दगड वर काढते आणि दरसाल कोणीतरी ते वेचून धुऱ्यावर टाकतो.

चतुःसीमा म्हटले की वर्धेकडच्या एका फार जुन्या कागदाची आठवण होते. कागद कसला, तांब्याचा पत्राच तो. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने इसवी सनाच्या पाचव्या शतकात, राज्याच्या दुसऱ्या वर्षी, नंदिवर्धनाहून एक ताम्रपट दिला. तो याच हिंगणघाट भागात जांब येथे मिळाला. सुप्रतिष्ठ नावाच्या आहारातील, म्हणजे परगण्यातील, कोथुरक हे गाव एका ब्राह्मणास दान दिल्याचा तो लेख. आणि आजच्या खरेदीखताप्रमाणेच त्यात गावाच्या चारी सीमा सांगितल्या आहेत : एकीकडे उमा नदी, इतर बाजूंस चिंचापल्ली, बोंथिकवाटक व मंडूकिग्राम. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी या नावांचा माग काढला. त्यांच्या मते उमा म्हणजे आजची वणा नदी, चिंचापल्ली म्हणजे चिचोली, मंडूकिग्राम म्हणजे मांडगाव. राजाची कन्या नव्हे, आई, राणी प्रभावतीगुप्ता, हिचाही एक ताम्रपट याच सुप्रतिष्ठ आहारातील जमिनीचा आहे. तो पुण्यास उजेडात आला, आणि त्यातील दंगुण हे गाव म्हणजे हिंगणघाटच, असे मिराशींनी मानले. जमीन वणेच्या काठी आणि तिचा दाखला शेकडो कोस दूर पुण्यास! आमची लोखंडी पेटी त्या मानाने फार जवळ होती.

परंतु जांबच्या ताम्रपटातली मौज पुढेच आहे. सीमेवरची नदी सापडली, सीमेवरची गावे सापडली. ज्या कोथुरकासाठी हा सारा खटाटोप केला, त्या नावाचे गाव मात्र आज कोठेच नाही. वाकाटकांच्या असल्या दानपत्रांत दान सूर्यचंद्र असेपर्यंत चालावे अशी भाषा असते. शिपायांनी गावात शिरू नये, पाळीपाळीने बैल मागू नयेत, फुले व दूध मागू नये, वेठ धरू नये, अशा सवलती मोजून सांगितलेल्या असतात. ज्याला हे सारे मिळाले त्याचे गाव गेले, आणि ज्यांना काही मिळाले नाही ती शेजारची गावे नावे थोडी झिजवून दीड हजार वर्षे नांदत आहेत. चम्मकच्या ताम्रपटात याच राजाने एक हजार ब्राह्मणांस आठ हजार भूमी दिल्या, त्यासही अटी आहेतच : राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, दुसऱ्या गावांशी लढू नये. दान घेणारांविषयी राजाचा अनुभव फार गोड नसावा, असे हे वाचताना वाटते खरे.

परतताना वाटेत पवनार लागले. धाम नदीच्या पुलावरून आश्रम दिसला. हे पवनार म्हणजेच प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असे मिराशींनी प्रतिपादिले, आणि १९६७ साली नागपूर विद्यापीठाने तेथे उत्खनन करून जुन्या वस्तीचे थरावर थर उघडे केले. पण तेथील पहिला शोध कुदळीचा. विनोबा १९३८ साली पवनारास राहावयास आले. आश्रमाच्या शेतात खणताना भरत व राम यांच्या भेटीचे शिल्प वर आले, पुढे आणखी शिल्पे मिळाली. त्याच भूमीत १९५० च्या सुमारास विनोबांनी बैलावाचून, केवळ हातांनी करावयाच्या शेतीचा प्रयोग चालविला, त्यास ते 'ऋषिशेती' म्हणत. राजवाड्याच्या भूमीवर कोणी कुदळ चालवावी आणि आतून राम निघावा, ही गोष्ट खऱ्या इतिहासात घडली नसती तर कोणी कीर्तनकाराने ती रचली असती.

वावरावरील मुख्य गोष्ट मात्र सांगावयाची राहिली आहे. दुपारी निंबाखाली बसून त्यांनी दिलेली भाकर व ठेचा खाल्ल्यावर आम्ही शेवटी पिशवीतून खरेदीखत काढले. सकाळपासून ते आमच्या मांडीस निखाऱ्यासारखे लागत होते. त्यांनी चष्मा लावला व बोट ठेवून सावकाश वाचले. पूर्वेस पांधण, पश्चिमेस नाला, दक्षिणेस धुरा, उत्तरेस रीठ. एक एक सीमा वाचून ते त्या त्या दिशेस हात करीत, आणि मुलगा मान हलवी. चारही सीमा बरोबर होत्या. सुटलेला तुकडा कोठेही नव्हता. वकिलांचा तर्क तेथेच संपला, आणि आमच्या मनात जे काही उतरले त्यास निराशा म्हणावे की सुटका, हे आम्हांस अजूनही ठरविता आलेले नाही.

"या वावराला काही नाव आहे का?" आम्ही सहज विचारले. इकडे प्रत्येक वावरास नाव असते.

त्यांनी मुलाकडे पाहिले. मुलगा हसला. "भटाचं वावर म्हणतेत जी. सारेच म्हणतेत. आमचा आबाही तेच म्हणे."

आम्ही काही बोललो नाही. साठ वर्षे आमच्या घरात 'आपले' म्हणून जे नाव टिकविले गेले, ते येथे कोणी न सांगता टिकले होते. तेही ज्यांनी ती जमीन आमच्याकडून घेतली असे आम्ही समजत आलो त्यांच्या तोंडी. आजीस हे कळले असते तर, असा विचार आला, आणि पाठोपाठ हेही आले की आजोबा या वावरात वर्षातून दोनच दिवस येत, बाकीचे तीनशे त्रेसष्ट दिवस येथे दगड कोणी वेचले.

मग त्यांनी भीत भीत एक गोष्ट मागितली. शेजारच्या एकाने पांधण नांगरून आपल्या शेतात घातली आहे. पावसाळ्यात बंडी नेता येत नाही. तहशिलीत अर्ज केला आहे, पण तेथे पांधण पूर्वीपासून होती याचा पुरावा मागतात. या कागदात पूर्वेस पांधण असे स्पष्ट लिहिलेले आहे. याची एक नक्कल मिळेल काय?

आम्ही क्षणभर थांबलो. दादांची आठवण झाली. ज्या कागदाच्या बळावर त्यांच्याकडून काही परत मिळविण्यासाठी आम्ही आलो, तोच कागद त्यांच्या बाजूने साक्ष देण्यास निघाला होता. मग आम्ही त्यांच्याच मोटारसायकलीवर बसून हिंगणघाटास गेलो व दोन नकला काढल्या. एक त्यांस दिली. एका नकलेवर, मूळ आमच्यापाशी आहे व लागल्यास हजर करू, असे लिहून सहीही केली.

दादांस रात्री दूरध्वनीवर सारे सांगितले. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग विचारले, "तुरी कशा होत्या?"

निघताना त्यांच्या मुलाने ओल्या शेंगांची एक पिशवी आमच्या हाती दिली होती. घरी आईने त्या सोलल्या, सोलेभात केला आणि पहिल्या घासालाच विचारले, "गोड आहेत रे सोले. कुठल्या वावरातले?"

"भटाच्या," आम्ही म्हटले.